‘स्पेड – ४ नग’: सोसायटीच्या अवजारखोलीच्या नोंदी

ठिकाण: ठाणे, घोडबंदर रोडवरची एक सोसायटी. काम: जुनी अवजारं दुरुस्त करणं, ती टांगायला फळी बसवणं, बागेच्या पंपाची जोडणी नीट करणं आणि पावसाआधी आठ झाडांचे खड्डे घेणं. अंदाज होता ६,००० रुपये आणि तीन रविवारांचा. साहित्यालाच ८,५५९ रुपये गेले, खड्ड्यांची मजुरी ३,६०० वेगळी, आणि रविवार लागले आठ. असंच काम काढणाऱ्यांना उपयोग व्हावा म्हणून चुका जशाच्या तशा लिहिल्या आहेत.

६ एप्रिल २०२५ – मोजणी आणि यादी

खोलीत निघालेला माल: फावडी ५ (तिघांना दांडा नाही, एकाचा दांडा उभा चिरलेला, पाचव्याची मान तडकलेली), टिकाव २ (एकाला दांडा नाही), कुदळ १, पाच फुटी पहार १, घमेली ६, खुरपी ४, थापी २. सगळ्यावर गंज. पाच दांडे आणि एक नवं फावड्याचं पातं हवं, हे तासाभरात कळलं.

यादी मोबाइलवर इंग्रजीत केली आणि माळीकाका, सुतार, इलेक्ट्रिशियन आणि सामान मागवणारे सेक्रेटरी असलेल्या ग्रुपवर टाकली. त्यात एक ओळ होती: ‘स्पेड – ४ नग’. टाकणाऱ्याच्या डोक्यात फावड्याचे दांडे होते की पाती, हे नंतर त्यालाही आठवेना. कुठलं काम कोणाचं, हा रकाना यादीत नव्हता. पुढचे पंधरा दिवस याच ओळीने खाल्ले.

९ एप्रिल – एका शब्दाच्या तीन पुड्या

सेक्रेटरींनी ऑनलाइन चार ‘गार्डन स्पेड’ मागवले, ८९९ रुपयांना एक. सुताराने चार स्पेड बिट असलेला संच आणला, ४२० रुपये: लाकडात मोठं भोक पाडायचं चपट्या पात्याचं बिट. इलेक्ट्रिशियनने स्पेड लगचं शंभरचं पाकीट आणलं, १८० रुपये: वायरच्या टोकाला दाबून बसवायचं, पुढून दुभंगलेलं पितळी टोक. तिघांपैकी कोणीच चुकलं नव्हतं. ज्याने त्याने आपल्या धंद्यातला अर्थ घेतला. फावडं मात्र एकही आलं नाही.

पार्सल उघडलं तेव्हा माळीकाका समोर होते.

“हे उलथनं कशाला मागवलंत? माती परतायची आहे का?”

“काका, स्पेड म्हणजे फावडंच ना?”

“फावडं ओढायचं असतं, साहेब. हे ढकलायचंय.”

यातच सगळा फरक आला. विलायती स्पेडचं पातं आणि दांडा एका रेषेत असतो. पात्याच्या वरच्या कडेला पायासाठी दुमडलेली पट्टी असते आणि दांड्याच्या टोकाला डी आकाराची मूठ. उभं राहायचं, पट्टीवर पाय ठेवून अंगाचा भार द्यायचा, मग दांडा मागे झुकवून मातीचा तुकडा उपटायचा. आपलं फावडं दांड्याशी कोन करतं. आमच्याकडच्या पाचपैकी चारांचा कोन ६० ते ७० अंशांत भरला. ते डोक्याच्या उंचीवरून नाही, कमरेच्या जरा वरून मातीत टाकायचं आणि आपल्याकडे ओढायचं, तसंच घमेल्यात लोटायचं. स्पेड पायाने चालतो, फावडं हाताने आणि पाठीने. म्हणून स्पेडला जाड तळाचा बूट लागतो. स्लिपर घालून त्या पट्टीवर भार दिला की तळव्याच्या मधोमध रुततं; माळीकाकांनी तीन वेळा पाय ठेवून बघितलं आणि बाजूला ठेवून दिलं.

एक पार्सल फुटलं होतं आणि मातीला लागलं होतं, ते ठेवून घेतलं. तीन परत केले. परतीला पैसे पडले नाहीत, पण नऊ दिवस गेले.

उलथन्याची गंमत अशी की काका नकळत बरोबर बोलले. ग्रीक-लॅटिन ‘स्पाथा’ म्हणजे चपटं पातं, रुंद तलवार. त्याचंच लहान रूप म्हणजे स्पॅच्युला, आपलं उलथनं. इंग्रजी स्पेड त्याच घराण्याची चुलत शाखा.

१३ एप्रिल – दांडे

सगळ्यात जास्त वेळ आणि सगळ्यात जास्त चुका इथे.

जांभळी नाक्याच्या बाजारातून बाभळीचे पाच दांडे आणले, १४० रुपयांना एक, लांबी तीन फूट. एक पातं ३२० रुपये. दांडा घेताना तीन गोष्टी बघा: रेषा टोकापासून टोकापर्यंत सरळ धावते का, मध्ये गाठ आहे का, आणि दुसऱ्या दांड्यावर आपटल्यावर टणक आवाज येतो का. बद्द आवाज आला तर आत ओल आहे. ढिगातले पाच निवडायला वीसेक दांडे आपटावे लागले. दुकानदार वैतागतो, वैतागू द्यावं.

पहिली चूक बाजारात जाण्याआधीच झाली होती. एका फावड्याला दरवाज्याच्या जुन्या सागवानी चौकटीतून कापलेला तुकडा बसवला, फुकट मिळाला म्हणून. वीस मिनिटांत नेढ्याच्या (दांडा घालायच्या भोकाच्या) तोंडाशी मोडला. तुकडा फोडून पाहिला तर रेषा तिरप्या बाहेर पडत होत्या. सागवान चौकटीला उत्तम, पण धक्का खायला बाभूळच हवी. मोडलेल्या टोकाची फाक काकांच्या नडगीपासून चार बोटांवर गेली. कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ म्हणतात, फावड्याचाही काही कमी नाही.

जुना तुकडा नेढ्यातून काढताना आगीत धरू नका. गल्लीतले लोक तसंच करतात, पटकन होतं, पण पात्याचं पाणी, म्हणजे पोलादाचा कडकपणा, उतरतं. १० मिमीच्या साध्या ड्रिलने लाकडात चार-पाच भोकं पाडून, छिन्नीने भुगा करून बाहेर काढला. एका फावड्याला पंधरा मिनिटं.

मग नेढं मोजा, दोन्ही बाजूंनी. आमच्या फावड्यांची नेढी एका तोंडाला ३८ मिमी आणि दुसऱ्याला ४१ मिमी निघाली. हा फरक बनवणाऱ्याने चुकून ठेवलेला नाही. दांडा लहान तोंडातून घालायचा, मोठ्या तोंडातून बाहेर काढायचा आणि तिथे पाचर मारून फुलवायचा, म्हणजे डोकं निसटायला जागा राहत नाही. पहिल्या दोन फावड्यांत आम्ही उलटं केलं. मोठ्या तोंडातून दांडा सहज जातो, त्याचा मोह होतो. दुसऱ्या दिवशी दोन्ही डोकी हलायला लागली.

बरोबर बसवलेल्या तिसऱ्याची पद्धत:

नेढ्यातला गंज गोल कानसीने घासला. दांड्याचं टोक लाकडाच्या जाड कानसीने उतरवत नेलं, नेढ्यात घालून बघत बघत. जिथे काळा डाग उमटतो तिथेच घासायचं. नेढं ६० मिमी खोल, म्हणून टोकाला करवतीने ४० मिमी खोल चीर दिली. चीर पूर्ण ६० दिली तर पाचर मारताना दांडा नेढ्याखाली फाटतो. पाचर त्याच बाभळीच्या सुक्या तुकड्याची, जाड टोकाला ५ मिमी, रुंदी नेढ्याएवढी.

डोकं चढवताना पात्यावर हातोडा मारू नका. फावडं हवेत उभं धरा, पातं खाली, आणि दांड्याच्या वरच्या टोकावर लाकडी मोगरीने ठोका. पात्याच्या वजनाने डोकं जागच्या जागी राहतं आणि दांडा त्यात शिरतो. दहा-बारा ठोक्यांत आवाज बदलतो, ठण वाजतं, की बसलं. मग पाचर. ती शेवटपर्यंत गेली की वर उरलेलं लाकूड ३ मिमी ठेवून कापा, अगदी सपाट करू नका.

दुसरी चूक: हललेली दोन फावडी रात्रभर पाण्याच्या बादलीत उलटी बुडवून ठेवली. हा उपाय घरोघरी सांगतात. सकाळी दगडासारखी घट्ट. बुधवारपर्यंत वाळली आणि आधीपेक्षा जास्त खुळखुळली. ओलं लाकूड फुगतं, पण लोखंड जागा देत नाही, म्हणून लाकडाचे तंतू आतल्या आत चेपतात; वाळल्यावर ते मूळ मापाला येत नाहीत. दोन्ही काढून, टोकं ४ सेंमी कापून, नव्याने बसवली. दांडे तेवढे आखूड झाले.

टिकावाला मात्र पाचर नकोच. त्याचा दांडा बारीक टोकाकडून नेढ्यात घालून पूर्ण ओढून घ्यायचा. डोक्याकडचं टोक जाड असतं, ते अडतं. प्रत्येक घावाला डोकं आणखी घट्ट होतं. फावड्याच्या सवयीने आम्ही टिकावालाही पाचर मारली आणि टोक चिरलं. पाचर काढून चिरेत फेविकॉल भरून क्लॅम्प लावला, नशिबाने धरलं.

२० एप्रिल – गंज आणि धार

लिंबूसत ५०० ग्रॅम, १३० रुपये. दहा लिटर पाण्यात विरघळवून प्लास्टिकच्या टबात पाती बुडवली. आठ-दहा तास पुरतात, नंतर तारेच्या ब्रशने गंज काळ्या चिखलासारखा निघतो. खायच्या सोड्याच्या पाण्यात विसळून लगेच उन्हात वाळवायचं आणि तेलाचा हात द्यायचा. तासभर ओलं राहिलं तरी पिवळी झाक येते. एक कुदळ शनिवार-रविवार टबातच राहिली. काढली तेव्हा पृष्ठभाग खरबरीत, बारीक खड्डे पडलेला. काम करते, पण माती चिकटते.

त्याच टबात एक घमेलंही घातलं, पांढऱ्या जस्ताच्या मुलाम्याचं. बुडबुडे येत होते ते गंजाचे वाटले. ते जस्त विरघळत होतं. सकाळी मुलामा गेलेला, आठवड्यात सगळीकडून तांबडं. नवं घमेलं २५० रुपये. मुलाम्याचं घमेलं फक्त साबण-पाण्याने धुवा.

धारेसाठी १० इंची चपटी कानस, मुठीसकट २६०. फावडं पाटाच्या कडेला दाबून धरा, जी तिरपी बाजू आधीपासून आहे तीच घासा, दुसरी बाजू सपाट राहू द्या. कोन ४० ते ४५ अंश. मुरमात याहून बारीक धार टिकत नाही, पहिल्या दगडाला वळते. कानस पुढे ढकलतानाच कापते. मागे येताना उचलायची, नाहीतर दात बोथट होतात. एका फावड्याला वीस मिनिटं.

तिसऱ्या फावड्याला कंटाळा करून ग्राइंडर लावला. चाळीस सेकंदांत कडेला निळसर पट्टा आला. निळं दिसलं म्हणजे तिथलं पाणी गेलं. मुरमावर दोन घाव बसताच ती कड दुमडली. ८ मिमी कड कानसीने पूर्ण घासून टाकावी लागली, दीड तास. वाचवलेली वीस मिनिटं अशी परत गेली.

दांड्यांना उकळलेलं अळशीचं तेल, लिटर ३४० रुपये, तीन हात, मध्ये एकेक दिवस सोडून. तेलाची फडकी गोळा करून कोपऱ्यात टाकू नका. हे तेल हवेत सुकताना तापतं आणि गठ्ठा आपोआप पेटू शकतो. फडकी दोरीवर पसरून वाळवली, मग फेकली.

२७ एप्रिल – टांगायची फळी आणि स्पेड बिट

१९ मिमीचा आठ बाय चार प्लाय, ३,०४० रुपये, साहित्यातला सगळ्यात मोठा खर्च. अवजारं दांड्याने नाही, डोक्याने टांगायची: दोन खुंट्यांच्या मध्ये दांडा खाली सोडायचा, डोकं खुंट्यांवर टेकतं. खुंट्या २५ मिमी गोल लाकडाच्या, तीन काठ्यांचे २७० रुपये.

भोकांना सुताराने आणलेलं स्पेड बिट उपयोगी पडलं. चपटं पातं, मध्ये टोकदार सुई, दोन्ही बाजूंना कापणाऱ्या कडा. ड्रिल कमी गतीवर ठेवा. वेगात लाकूड जळतं आणि धूर येतो. सुई मागून बाहेर डोकावली की थांबा, प्लाय उलटवा आणि त्याच सुईच्या भोकातून दुसऱ्या बाजूने पूर्ण करा. पहिली चार भोकं एका दमात आरपार काढली, मागचा पापुद्रा दोन-दोन इंच उखडला. ती बाजू भिंतीकडे गेली म्हणून निभावलं.

खुंटी टोकाला किंचित वर हवी, सुमारे ५ अंश, नाहीतर फावडं घसरतं. म्हणून ड्रिल तिरकं धरून भोक पाडायला गेलो. स्पेड बिटला तिरकं चालत नाही: एकच कड आधी लाकडात शिरते, बिट झटका देतं आणि मनगट पिळवटतं. दोन भोकं अंडाकृती झाली. शेवटी भोकं सरळच पाडली आणि फळीच भिंतीवर तिरकी बसवली: खालच्या कडेमागे पाऊण इंच पट्टी जास्त, म्हणजे फळी वरच्या बाजूला मागे झुकते आणि सगळ्या खुंट्या आपोआप वर बघतात. चार फूट उंचीला पाऊण इंचाने एकच अंश मिळतो, हे गणित आधी केलं नव्हतं. पट्टी वाढवून चार इंच केली तेव्हा पाच अंशांच्या जवळ आलो.

४ मे – पंपाचं स्पेड

बागेच्या एक एचपी पंपाचा कॅपॅसिटर मध्येच तापून वास मारायचा. झाकण उघडलं तर एका टोकावरची वायर काळी, नुसती पिळून गुंडाळलेली. कॅपॅसिटरवर उभी चपटी पट्टी असते, ६.३ मिमी रुंद आणि ०.८ मिमी जाड; तिलाही स्पेडच म्हणतात. तिच्यावर वरून ढकलून बसणारी क्लिप लागते. इलेक्ट्रिशियनने आणलेली दुभंगलेली टोकं स्क्रूखाली घालायची असतात. दोन्हींचं दुकानातलं नाव एकच, काम वेगळं. ती टोकं पुढे मीटर-खोलीच्या कनेक्टरला वापरली. ढकलून बसणाऱ्या ६.३ च्या क्लिपांचं पाकीट १५० रुपये. दुकानात जुना तुकडा नेऊन दाखवा, नाव सांगत बसू नका.

हात घालण्याआधी: एमसीबी बंद, पंपाचा प्लग काढलेला, आणि कॅपॅसिटरच्या दोन टोकांमध्ये होल्डरमधला साधा फिलामेंटचा बल्ब काही सेकंद लावून साठलेली वीज उतरवलेली. प्लग काढला म्हणजे झालं, असं नाही.

पहिली क्लिप साध्या पकडीने दाबली. ओढून पाहिल्यावर वायर निसटली. दुसऱ्या खेपेला निळ्या बाहीची क्लिप, आणि वायर एक चौरस मिमीची. निळी दीड ते अडीच चौरस मिमीसाठी असते, लाल अर्धा ते दीडसाठी. मोठ्या बाहीत बारीक वायर दाबली की वरून घट्ट दिसते, आत पोकळ. तीच पोकळी तापते. क्रिम्पिंगची पक्कड ६५० ला घेतली, लाल बाहीची क्लिप दाबली, जोर लावून ओढली, नाही सुटली. उष्णतेने आवळणारी नळी ६० रुपये, नवा कॅपॅसिटर १९०. तासभर पंप चालवून हात लावला, कोमट. बरं आहे.

११ मे – लेबलं, आणि इस्पिकचा एक्का

प्रत्येक जागेखाली नाव आणि चित्र छापून लावायचं ठरलं. छापणाऱ्याला नावं इंग्रजीत दिली. ३५० रुपयांची लेबलं आली: पाच फावड्यांच्या जागेवर पत्त्यातलं काळं इस्पिक. त्याने ‘स्पेड’चं चित्र शोधलं आणि पहिलं मिळालं ते लावलं. मुलांनी आठवडाभर बदाम सातचा विनोद केला.

पत्त्यातल्या स्पेडचा खणण्याशी थेट संबंध नाही. तो इटालियन ‘स्पादे’, म्हणजे तलवारी, यावरून इंग्रजीत आला. जुन्या इटालियन पत्त्यांवर तलवारच असते. डच लोक मात्र याच पानाला ‘स्खोपन’ म्हणतात, म्हणजे खरंच फावडी.

दुसऱ्या खेपेला मराठीत छापलं, पुन्हा ३५०. तरी घोळ संपला नाही. माळीकाका मुरबाडकडचे, ते फावड्याला खोरं म्हणतात. (खोऱ्याने पैसा ओढणं म्हणतात ते हेच, गोदावरीचं खोरं वेगळं.) कडियाकाम करणारे परभणीचे, त्यांचं फावडंच. रात्रपाळीचे वॉचमन बिहारचे. त्यांना “कुदळ आणा” म्हटलं की फावडं घेऊन येतात, कारण त्यांच्याकडे कुदाल म्हणजे रुंद पात्याचं, ओढायचं अवजार. आपली कुदळ अरुंद आणि जाड, टणक जमीन फोडायची. तेव्हा लेबलवर नाव मोठं आणि खाली काम लिहिलं: ‘फावडं / खोरं – माती ओढायला’, ‘कुदळ – जमीन फोडायला’, ‘टिकाव – दगड-मुरूम’, ‘सरळ पातं – कड कापायला, पायात बूट’. अवजाराच्या बाहेरच्या कडेने फळीवर मार्करने रेघ ओढली. नाव वाचता न येणाराही रिकामी रेघ बघून अवजार जागेवर ठेवतो.

इंग्रजीत स्पष्ट बोलण्याला ‘स्पेडला स्पेड म्हणणं’ म्हणतात, त्याचं मूळ कळल्यावर लेबलवाल्यावरचा राग गेला. मूळ ग्रीक म्हणीत अंजिराला अंजीर आणि परातीसारख्या पोकळ भांड्याला तेच भांडं म्हणा, असं होतं. डच विद्वान इरास्मसने लॅटिन करताना त्या भांड्याचं खणायचं अवजार केलं, आणि १५४२ मध्ये इंग्रज अनुवादक निकोलस युडॉलने ते इंग्रजीत नेलं. म्हणजे घमेल्याचं फावडं झालं, आणि तेही नेमकं बोलण्याच्या म्हणीत.

१८ मे – खड्डे

आठ खड्डे, प्रत्येकी २ × २ × २ फूट. एका खड्ड्याची ८ घनफूट, एकूण ६४ घनफूट माती. खणलेली माती सैल होऊन पाव पट वाढते, म्हणजे ८० घनफूट. आमचं घमेलं शिगोशिग अर्धा घनफूट, म्हणजे १६० घमेली. ती कुठे टाकायची हे खणण्याआधी ठरवा; आम्ही नाही ठरवलं आणि अर्धा दिवस रॅम्पवर ढीग राहिला, गाड्या अडल्या. दोन माणसं, दोन दिवस, ९०० रुपये रोज.

सुरुवातीला गॅसची आणि पाण्याची लाइन कुठून जाते ते नकाशावर पाहिलं. एक खड्डा दीड मीटर सरकवला.

वरचे आठ इंच आणलेली तांबडी माती, त्याखाली मुरूम, आणि तीन खड्ड्यांत त्याखाली बिल्डरने पुरलेलं रॅबिट: विटा, टाइलचे तुकडे, सिमेंटची गोणी तशीच्या तशी दगड झालेली. क्रम असा बसला: पहारीने कडेला भोकं पाडून सैल करायचं, टिकावाने फोडायचं, फावड्याने ओढून घमेल्यात. फावडं फोडायला वापरलं की मान जाते. तडकलेलं पाचवं फावडं असंच मेलं असणार.

विलायती स्पेड इथे कामाला आला, जरा उशिराने. खड्ड्याच्या कडा उभ्या सरळ कापायला आणि लॉनची कड रेघेत आणायला त्याच्यासारखं काही नाही. कुंडीतलं रोप मुळांच्या गोळ्यासकट उचलायलाही. मुरमात मात्र तीन इंचांवर अडतो आणि त्यावर उड्या मारल्या तर मूठ मोडते. सुरक्षारक्षकांचे बूट घालून तो चालवला. चार घ्यायची गरज नव्हती, एक पुरे.

२५ आणि २६ मे

रविवारी पाच खड्डे शेणखत आणि माती घालून भरले, रोपं लावली. तीन सोमवारवर टाकले. सोमवारी, २६ तारखेला, मोसमी पाऊस मुंबई-ठाण्यात दाखल झाला, नेहमीपेक्षा पंधरवडाभर आधी. तिन्ही खड्डे काठोकाठ भरले आणि दोन दिवसांनीही पाणी उतरलं नाही. तळाला पहारीने दीड फूट खोल चार-चार भोकं पाडली तेव्हा हळूहळू मुरलं. हे भोकांचं काम खणतानाच करायचं होतं. रोपं ८ जूनला लावली. उपसलेल्या मातीवर ताडपत्री नव्हती, पाचेक घमेली माती पार्किंगच्या चेंबरमध्ये गेली आणि चेंबर तुंबलं.

२ नोव्हेंबर – सहा महिन्यांनंतर

पावसाळाभर सगळे दांडे घट्ट होते, त्यावर विश्वास ठेवू नका; ओल्या हवेत लाकूड फुगलेलंच असतं. खरी परीक्षा हवा कोरडी झाल्यावर. आज पाचही दांडे आपटून पाहिले. पहिल्यापासून लहान तोंडातून घातलेली फावडी जागची हलली नाहीत, एकाची पाचर अर्धा ठोका आत गेली एवढंच. टिकाव ठणठणीत. पाण्यात बुडवलेल्या दोघांपैकी एकाचं डोकं २ मिमी सरकलं आहे. त्या पाचरीला आडवी, लोखंडी बारीक पाचर मारली. डिसेंबरात पुन्हा बघायचं.

पंपाची क्लिप स्वच्छ, काळी पडलेली नाही. फळीवर एकच रेघ रिकामी: सरळ पात्याचा स्पेड बी विंगच्या टेरेसवर आहे, सांडलेलं सिमेंट खरवडायला नेला होता.